वजन टाकीसकट सांगा

माझ्या वहीच्या एका पानावर वर तीन आकडे लिहिलेले आहेत. ३५० वॅट, ४८ तास, १०० किलो. पानाच्या उरलेल्या भागात खाडाखोड आहे. त्या वर्षी दिवाळीपासून पुढचा महिनाभर मी या तीन आकड्यांवर डोके फोडले आणि भेटेल त्याच्यावर चिडलो. आता वाटते, त्यातली निम्मी चिडचिड स्वतःवर खर्च करायला हवी होती.

आमचे गाव मालवणच्या उत्तरेला खाडीकाठी आहे. काही वर्षांनी एकदा गावपळण असते. देवाचा कौल झाला की सगळे गाव घरांना कुलपे लावून, गुरे, कोंबड्या, कुत्री बरोबर घेऊन वेशीबाहेर पडते आणि तीन दिवस तीन रात्री गवताच्या खोप्या घालून वरच्या कातळमाळावर, सड्यावर राहते. गावात माणूस राहत नाही, चूल पेटत नाही. चौथ्या दिवशी सकाळी पुन्हा कौल लावतात, देवाने हो म्हटले की सगळे परततात.

आईला तेव्हा अठ्ठ्याहत्तरावे सरले होते. चुलीच्या धुराने तिची फुप्फुसे गेलेली. कुडाळच्या डॉक्टरांनी दिवसाला सोळा तास ऑक्सिजन सांगितला होता, मिनिटाला दोन लिटर. घरात त्याचे यंत्र आहे. हवा ओढून घेते, त्यातला ऑक्सिजन वेगळा काढून नळीतून देते. विजेवर चालते. ते साडेतीनशे वॅट घेते हे मी स्वतः मीटर लावून मोजले होते, कारण पाठीमागच्या पट्टीवर लिहिलेल्या आकड्यावर मी विश्वास ठेवत नाही. मी मालवणात बर्फाच्या कारखान्यात यंत्रावर असतो. दर तासाला काटे बघायचे आणि नोंदवहीत लिहायचे, हे अठ्ठावीस वर्षांचे काम आहे.

सड्यावर वीज नाही. देवळाच्या मानकऱ्यांनी आपणहून सांगितले की आजारी माणसाला पाहुण्यांकडे ठेवायला देवाची हरकत नसते. बायकोचे माहेर शेजारच्याच गावात. मी आईला तसे सुचवले.

"सगळो गाव खोपीत रवतलो," आई म्हणाली, "आणि मी पावणी म्हणान लोकांच्या घराक जावन बसू? माका जमाचा नाय. मी येतलंय."

"गो आये, थंय लाईट नाय. तुझा मशीन कशार चलतला?"

"तां तुझ्या वहीक विचार."

मागच्या गावपळणीला वडील होते. ओहोळाच्या वरच्या अंगाला एका काजूखाली आमची खोपी होती आणि वडिलांनी तिन्ही दिवस स्वतः मासे केले होते, घरी त्यांनी कधी चहासुद्धा केला नव्हता. त्यानंतर साथीच्या वर्षी ते गेले. पुढची गावपळण आईला मिळेल का, हे ती बोलली नाही, मीही बोललो नाही. पण पाहुण्यांकडे ती जाणार नव्हती, आणि ती सड्यावर येणार तर तिच्या श्वासाची सोय मलाच करायची होती.

म्हणून ते तीन आकडे. यंत्राला ३५० वॅट. सोळा तासांप्रमाणे तीन दिवसांचे ४८ तास. टेम्पो ओहोळापर्यंत जातो, पुढे दगडी चढाची पायवाट आहे. तिच्यावरून बांबूला बांधून चार माणसे एका खेपेला फार तर शंभर किलो नेतात, आणि दुसऱ्या खेपेला कोण उभे राहणार? प्रत्येकाला आपापली कोंबड्यांची डालगी असतात.

साडेतीनशे गुणिले अठ्ठेचाळीस म्हणजे सोळा हजार आठशे वॅट-तास. घरातल्या इन्व्हर्टरची बॅटरी पंचावन्न किलोची. तिच्यातून धडपणे नऊशे वॅट-तास मिळतात. अशा एकोणीस लागतील, वजन हजार किलोंवर. त्यावर काट. पेट्रोलचा जनरेटर उचलता येतो, पण धुराने गेलेल्या फुप्फुसांच्या शेजारी मी धुराचे इंजिन लावणार नव्हतो, आणि मानकऱ्यांनाही खोप्यांपाशी इंजिन चालत नव्हते. काट.

इथे माझा भाचा आला. म्हणजे फोनवर आला. बहिणीचा मुलगा, ठाण्याला असतो, बॅटऱ्यांच्याच धंद्यात नोकरीला आहे. त्याला मी विचारायला नको होते.

"मामा, फ्लो बॅटरी बघा. फ्युचर आहे."

त्याने चार व्हिडिओ पाठवले. मी सगळे बघितले, आकडे लिहून घेतले. या बॅटरीत दोन टाक्यांत दोन द्रव असतात, पंप ते द्रव मधल्या पेटीतून फिरवतो आणि त्या पेटीत वीज तयार होते. कल्पना चांगली आहे, हे मी मान्य करतो. वॅट जास्त हवे तर पेटी मोठी करा, तास जास्त हवे तर टाकी मोठी करा. दोन्ही प्रश्न वेगळे ठेवले आहेत. ज्यांनी हे केले त्यांना हिशोब कळत होता.

"पाचशे वॅटच्या पेटीचे वजन किती?" साडेतीनशेवर थोडी शिल्लक धरून मी विचारले.

"तीसेक किलो."

तीस म्हणजे शंभरात सहज बसत होते. किलोला सोळा-सतरा वॅट. मला संशय आला.

"टाकीसकट?"

"टाकी वेगळी असते मामा."

"वेगळी असते म्हणजे तिला वजन नसते?"

"तसं नाही, पण स्पेसिफिकेशनमध्ये पेटीचंच देतात."

"द्रवाच्या एका किलोत किती वॅट-तास मावतात ते सांग."

त्याने कुणाला तरी विचारून वीस सांगितले. म्हणजे नुसता द्रव आठशे चाळीस किलो. तोही आम्लाचा. पेटी, पंप आणि टाक्या धरल्या तर किलोला अर्धा वॅट. मी त्याला म्हटले, "अरे, हे उचलायला चार माणसे नाहीत, पालखीचे सगळे मानकरी लागतील."

"मामा, ती उचलायची नसतेच. ती एका जागी बसवायची असते."

"मग मला का सांगितलीस? मी तुला पहिल्याच वाक्यात सांगितले की उचलायची आहे."

तो म्हणाला, "मग फ्युएल सेल बघा."

फ्युएल सेलमध्ये हायड्रोजन आत जातो, हवेशी त्याचा संयोग होतो, वीज आणि पाणी बाहेर पडते. धूर नाही. आवाज पंख्याएवढा. हे ऐकून मी खरोखर हुरळलो. पाचशे वॅटच्या सेलचे वजन पाच किलो. किलोला शंभर वॅट! आणि व्हिडिओतला माणूस सांगत होता की एक किलो हायड्रोजनमध्ये तेहतीस हजार वॅट-तास असतात. निम्मे वाया जातात असे धरले तरी साडेसोळा हजार हाती येतात. मला हवे होते सोळा हजार आठशे. म्हणजे किलोभराच्या किंचित वर हायड्रोजन नेला की झाले. पाच अधिक एक, सहा किलो. आईसुद्धा पिशवीत घालून नेईल.

तो आकडा मी लिहिला आणि त्याच्याकडे बघत बसलो. अठ्ठावीस वर्षांत इतका गोड आकडा मला कधी दिसला नव्हता, आणि गोड आकडा दिसला की मी आधी काटा अडकला आहे का बघतो.

हायड्रोजन कशात भरून नेणार? लोखंडी सिलिंडरमध्ये. त्या माणूसभर उंच, साठ किलोंच्या नळकांड्यात मावतो किती? अर्ध्या किलोच्या थोडा वर. म्हणजे दोन सिलिंडर, तेही कसेबसे. एकशे वीस अधिक पाच. पाचशे वॅटला सव्वाशे किलो, किलोला चार वॅट. शंभराचे चार झाले! फ्लो बॅटरीपेक्षा आठपट बरे, हे खरे, पण ऑक्सिजनचे पंधरा किलोंचे यंत्र धरून शंभरच्या वर चाळीस किलो. मी भाच्याला फोन करून विचारले, तुम्हा लोकांत टाकीसकट वजन सांगायला लाज वाटते का? बाजारात मासळी घेताना कोळीण टोपलीचे वजन धरते म्हणून आम्ही भांडतो, आणि इथे टोपलीच मासळीच्या शंभरपट जड आणि कुणी बोलत नाही.

"मामा, लिथियम घ्या ना सरळ. दीडशे किलोत बसेल."

"गवताच्या खोपीत? आणि किंमत?"

त्याने किंमत सांगितली. तेवढ्यात जुनी रिक्षा येते.

तरी फ्युएल सेल माझ्या डोक्यातून जाईना. ठाण्याहून सेल भाड्याने मिळत होता. दोन सिलिंडर, दोन खेपा, आठ माणसे. माणसांना विनवता येईल. शिवाय एक प्रश्न उरला होता. तीन दिवस म्हणजे नक्की तीनच का? मी मानकऱ्यांच्या घरी गेलो. तिथले थोरले पानाचे तबक घेऊन ओट्यावर बसले होते.

"काकानू, चौथ्या दिवशी सकाळी नक्की परत ना?"

"देव सांगतलो तेवा."

"पण अंदाजान तरी?"

"देवाक अंदाज विचारतंस रे?" त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "मागच्या खेपेक नाय लागलो. त्येच्या आदल्या खेपेक एक दिवस जास्ती लागलो. आता तुझी तू सरासरी काढ."

ओट्यावरचे सगळे हसले. मी खरोखर काढली. अर्धा दिवस. अर्ध्या दिवसाचा ऑक्सिजन.

कुडाळला गॅसचे एक व्यापारी आहेत. मूळचे खारेपाटणचे, घराण्यात पूर्वी बंदरावरचा व्यापार होता, हे आता वेल्डिंगवाल्यांना आणि दवाखान्यांना सिलिंडर देतात. त्यांच्याकडे गेलो आणि दोन हायड्रोजनचे सिलिंडर मागितले.

"हायड्रोजन? तुमका कित्याक व्हयो?"

मी वही उघडून सगळे समजावले. त्यांनी चष्मा लावून पान नीट वाचले, खाडाखोडीसकट. मग एकेक बोट दुमडत म्हणाले, "म्हणजे हायड्रोजनाची वीज करूची. विजेर मशीन चलवूचा. मशीनीन ऑक्सिजन काढूचो. तो आवशीक देवचो."

"होय."

"मगे थेट ऑक्सिजनच कित्या न्हेत नाय तुमी?"

 त्यांनी मागे वळून बोट दाखवले. हायड्रोजनच्या लाल सिलिंडरांच्या शेजारी त्याच उंचीचे, काळ्या अंगाचे आणि पांढऱ्या खांद्यांचे सिलिंडर उभे होते. "ह्येचा पण वजन साठ-पासष्टच. सात हजार लिटर. दोन लिटरान चलवा." हिशोब त्यांनी करायच्या आधी माझा झाला होता. अठ्ठावन्न तास. एक खेप. वीज नाही, यंत्र नाही, पेटी नाही, टाकीतला द्रव नाही.

एखाद्याला वाटेल की हे मला सुचले नव्हते. सुचले होते. त्या पानावर तीन आकड्यांच्या खाली पहिलाच शब्द 'सिलिंडर' होता, आणि तो मी लिहिल्याबरोबर खोडला होता. हिशोब न करता खोडलेला तो एकच शब्द.

साथीच्या वर्षी दवाखान्यात खाट मिळाली नाही म्हणून वडील घरीच होते. मी खटपट करून एक लहान सिलिंडर आणला, पंधराशे लिटरचा. मिनिटाला तीन लिटर सांगितले होते. मी हिशोब करून आईला म्हटले, आठ तास पुरेल, आणि दुसरा आणायला टेम्पो घेऊन गेलो. मागे दुपारी वडिलांचा श्वास वाढला, फोनवरून डॉक्टरांनी प्रवाह आठ लिटर करायला सांगितला आणि आईने केला. आठ लिटरने पंधराशे लिटर तीन तास पुरतात. मी पाचव्या तासाला परत आलो. आई काट्याकडे बघत बसली होती. माझा आकडा चुकला नव्हता, तीन लिटरला तो बरोबर होता, आणि तेव्हापासून मी तो कुणाला सांगितलेला नाही. त्यानंतर घरात यंत्र आले, सिलिंडर आला नाही.

कुडाळहून मी एक मोठा सिलिंडर आणि चौथ्या दिवसासाठी एक लहान ठरवून आलो. लहान साडेबारा तासांचा. दोन्ही मिळून सत्तर तास. चार दिवसांना चौसष्ट लागतात. वजन मिळून ऐंशीच्या आत. आकडे एकदम सरळ बसले. मग आईला सांगायचे होते.

"तो काळो घरात नको."

"घरात नाय गो, खोपीत."

"खोपीत पण नको."

"मगे शेजारच्या गावात पावणी जा."

ती बराच वेळ शेवग्याच्या शेंगा मोडत राहिली. मग विचारले, "किती वेळ पुरतलो?"

"अठ्ठावन्न तास."

"तुझ्या बापाशीक तू आठ तास सांगितल्लंस."

 तिने शेंगांचे ताट बाजूला सारले. "घेवन ये तो. पण काटो माझ्याकडे तोंड करून ठेवचो नाय. माका तो बघूचो नाय."

गावपळणीच्या दिवशी दुपारी चार शेजाऱ्यांनी सिलिंडर बांबूला बांधून चढवला. "काय रे, सोड्याचो कारखानो काढतंस की काय?" असे वाटेत तिघांनी विचारले. मी तिघांनाही उत्तर दिले, कारण चुकीची माहिती पसरलेली मला खपत नाही. काजूच्या बुंध्याला सिलिंडर दोरीने आवळून बांधला. काट्याचे तोंड आईच्या उलट बाजूला.

मी दर दोन तासांनी काटा लिहू लागलो. पहिल्याच संध्याकाळी आकडा बसेना. काटा हवा त्यापेक्षा वर होता. दुसऱ्या दिवशी आणखी वर. गॅस जास्त उरतो आहे म्हणून दुसरा कुणी खूश झाला असता. पण जास्त गॅस कुठून येणार? मी धरून चाललो की काटा अडकतो आहे, खाऱ्या वाऱ्याने गंजला असेल, आणि आत खरा गॅस माझ्या हिशोबाएवढाच आहे. काट्यावर टिचक्या मारल्या. भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, "मामा, रीडिंग जास्त आलं तर प्रॉब्लेम काय आहे?" मी फोन ठेवला.

आई मात्र मजेत होती. सकाळ-दुपार बायका तिच्या खोपीत येऊन बसत, तिसऱ्या दिवशी तर तिने बायकोला बाजूला करून वडिलांच्या पद्धतीचे तिरफळ घातलेले बांगडे स्वतः सांगून करवून घेतले. "तेंच्यासारखे नाय झाले," म्हणाली, आणि दोन खाल्ले.

चौथ्या दिवशी सकाळी कौल लावायला मानकरी गावात गेले, मी वेशीपर्यंत गेलो. तासाभराने ते परत आले. थोरल्यांनी लांबूनच हात हलवला. कौल झाला नव्हता. अजून एक दिवस.

मी चढ चढता चढता मनात मांडणी केली. अठ्ठेचाळीस तास वापरले. मोठ्यात बाराशे चाळीस लिटर, दहा तास. लहान सिलिंडरचे साडेबारा. आज सोळा हवे, निभेल. पण उद्याही नाही म्हणाला तर? ज्या देवाला अंदाज विचारता येत नाही त्याच्यासाठी किती लिटर राखून ठेवायचे? या वैतागात मी नेहमीपेक्षा लवकर खोपीवर पोचलो.

आई चटईवर बसून दोन बायकांबरोबर गप्पा मारत होती. नळी बाजूच्या खिळ्याला टांगलेली. सिलिंडरची कळ बंद.

"आये, नळी खंय?"

"ती काय थंय आसा. बरां वाटता तेवा कित्याक वाया घालवू?"

"कधीपासून बंद करतंस?"

 तिच्याऐवजी शेजारची बाई म्हणाली, "पयल्या दिसापासून. तू व्हाळार गेलंस की बंद, तुझी पावला वाजली की चालू."

मी ऑक्सिजन मोजायचे, बोटाला लावायचे यंत्र लावले. सत्त्याऐंशी. मी ओरडलो. काय ओरडलो ते लिहीत नाही. बायका उठून गेल्या. डॉक्टरांनी सोळा तास उगाच सांगितले नाहीत, लहान सिलिंडर आणला तो कशासाठी, तीन दिवस मी काट्याला शिव्या देतोय.

"देवान एक दिवस जास्ती मागलो तर?" ती नळी नाकाला लावत म्हणाली. "तुझ्या वहीत त्येका जागा खंय होती?"

"होती. तो ल्हान कित्याक हाडलो?"

"त्येचा माका ठाऊक नाय. माका एकच काटो ठाऊक आसा."

भरलेल्या सिलिंडरला दीडशेवर असलेला काटा आता साठावर होता. हिशोबाने सत्तावीस हवा होता. फरक पंधराशे साठ लिटर, म्हणजे तेरा तास. काटा अडकला नव्हता. तीन दिवसांत तेरा तास आई बिनऑक्सिजनची बसली होती, माझ्या आकड्यावर तिचा विश्वास नव्हता म्हणून. आणि मी तो काटा बरोबर असेल असे एकदाही धरले नव्हते. मी वहीत तेरा लिहिले आणि खाली रेघ मारली.

तो दिवस मी ओहोळावर गेलो नाही. तिच्यासमोर बसून पूर्ण सोळा तास करून घेतले. ती माझ्यावर रुसली, आणि मी समोर बसून भाच्याने पाठवलेला नवा व्हिडिओ बघितला. त्यात हायड्रोजनची नवी हलकी टाकी होती. वजन सांगितले नव्हते.

पाचव्या दिवशी कौल झाला. खोपी मोडताना मी लहान सिलिंडरचे सील तसेच आहे हे तपासले आणि मोठ्याची दोरी सोडू लागलो. आई काठी टेकत आली.

"किती रवलो?"

"एकोणीस."

"दाखय."

मी सिलिंडर तिच्याकडे वळवला. तिने वाकून, काचेवर बोट ठेवून काटा बघितला.

"शून्य खंय आसा?"

मी खालचा कोपरा दाखवला. तिने तिथपासून काट्यापर्यंतचे अंतर बोटाने मोजले, दोनदा.

"बरां. आता न्हे तो," ती म्हणाली, आणि कोंबड्यांचे डालगे कुणी उचलले ते विचारायला निघून गेली.